स्वस्त सिंथेटिक ऑइल : डब्यावरचं मोठं नाव सोडा, मागचं बारीक लेबल वाचा (पटत नसेल तर भांडा)

घोडबंदरकर

स्पष्टच लिहितो. टर्बो नसलेली साधी पेट्रोल गाडी, रोज घोडबंदर रोडवरून माजीवडा, मग पुढे पवई नाहीतर ऐरोली, असा ज्यांचा रूट आहे त्यांनी इंजिन ऑइलच्या साडेतीन लिटरच्या डब्याला दुप्पट पैसे मोजायचं काहीएक कारण मला दिसत नाही. सर्वो, मॅक, एचपी या सरकारी तेल कंपन्यांच्या ब्रँडचं फुल सिंथेटिक पेट्रोल पंपावर मिळतं, नसेल तर अधिकृत डीलरकडे, आणि परदेशी नावाच्या डब्याच्या मानाने बरंच स्वस्त पडतं. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड (म्हणजे ऑइलची जाडी) दिलाय तोच घ्यायचा, ०डब्ल्यू-२० म्हटलंय तर ०डब्ल्यू-२०, आणि एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं दर्जाचं स्पेक) आहे का बघायचं. संपलं.

यातून जे पैसे वाचतात ते ऑइल लवकर बदलायला वापरा, माझा खरा मुद्दा हा आहे. कारण आपल्याकडे सगळे किलोमीटर मोजतात आणि इंजिन किती तास चाललं ते कोणीच मोजत नाही. गणित करून बघा. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये सरासरी ताशी १५ चा स्पीड धरला तर १०,००० किमीला इंजिन साडेसहाशेच्या वर तास चालतं. तेच १०,००० किमी पुण्याला एक्सप्रेसवेने ताशी ६० च्या सरासरीने केले तर १६७ तास. ओडोमीटरला दोन्ही सारखेच. बहुतेक मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर 'सिव्हिअर' वापराचा वेगळा तक्ता असतो, थांबत थांबत चालवणं, छोट्या फेऱ्या, धूळ, त्यात आपण सगळे बसतो, पण ते पान कोणी उघडत नाही. म्हणून मी म्हणतो स्वस्तातलं पण बरोबर स्पेकचं ऑइल घ्या आणि १०,००० ची वाट न बघता सहा-सात हजाराला बदला. महाग ऑइल टाकून 'आता वर्षभर बघायला नको' म्हणणाऱ्यापेक्षा तुमचं इंजिन जास्त चांगलं राहील.

खारघर_टर्बो

भाऊ, 'टर्बो नसलेली' हे दोन शब्द टाकून तुम्ही अर्धी चर्चा आधीच बाहेर काढलीत. आता रस्त्यावर बघा, एक लिटरवाल्या टर्बो पेट्रोल गाड्या किती झाल्यात. टर्बोच्या शाफ्टला (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या दांड्याला) तेच इंजिन ऑइल जातं, सायन-पनवेलवरून दामटत आलात आणि पार्किंगमध्ये लगेच चावी फिरवली की तिथे थांबलेलं ऑइल करपतं, भजीवाल्याच्या कढईच्या काठाला चिकटलेलं असतं ना तसं. तिथे बेस ऑइल, म्हणजे डब्यातलं मूळ तेल, चांगलं असेल तर फरक पडतोच. शिवाय डायरेक्ट इंजेक्शन टर्बोला कमी आरपीएमवर अवेळी स्फोट होण्याचा त्रास असतो, एलएसपीआय म्हणतात, त्यात पिस्टन फुटू शकतो. मी तरी वरच्या रेंजचंच टाकतो आणि टाकत राहीन. पंधरा लाखाच्या गाडीत हजार रुपये वाचवायची अक्कल मला कळत नाही.

घोडबंदरकर

टर्बोला ऑइलमध्ये काटकसर करू नका, हे मान्यच, म्हणून तर वगळलं. पण एलएसपीआयचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. एपीआय एसपी हे २०२० च्या मे महिन्यात आलं तेच मुळी एलएसपीआय आणि टायमिंग चेनची झीज या दोन टेस्ट घेऊन. म्हणजे तिथेही आधी बघायचं ते एसपी. महागडा डबा जर जुन्या एसएन स्टॉकचा असेल, २०१० चं स्पेक आहे ते, तर तो महाग असून तुमच्या कामाचा नाही. आणि आता मार्च २०२५ पासून एसपीच्या पुढचं एसक्यू पण आलंय, त्यामुळे दुकानदार जुना माल ऑफरमध्ये काढायला बघणार, जरा लक्ष ठेवा.

तुर्भे_गॅरेज

मी लिहू का, रोज हात काळे करणारा माणूस आहे. तुमचं हे ०डब्ल्यू-२० म्हणजे पाणी आहे पाणी. ठाण्यात बर्फ पडतो का? मे महिन्यात दुपारी बोनेट उघडा माझ्या शेडमध्ये आणि मग सांगा पातळ ऑइल टाका म्हणून. लाखभर चाललेली गाडी येते, टॅपेट वाजतात, ऑइल खाते, मी टेन फॉर्टी (१०डब्ल्यू-४०) नाहीतर ट्वेंटी फिफ्टी (२०डब्ल्यू-५०) टाकतो, आवाज बंद, कस्टमर खूश. कंपनी पातळ ऑइल सांगते ती मायलेज दाखवायला. गाडी दहा वर्षं टिकावी ही कंपनीची इच्छा नाहीये.

ल्यूबमधला_एक

काका, तुमच्या अनुभवाला नमस्कार, पण डब्ल्यूचा अर्थ 'बर्फासाठी' एवढाच धरू नका. मी तळोज्याला याच धंद्यात आहे म्हणून थोडं सांगतो. पहिला आकडा थंडीतल्या टेस्टचा आहे हे खरं (दुसरा गरम ऑइलच्या जाडीचा), ०डब्ल्यू उणे ३५ डिग्रीला टेस्ट होतं आणि २०डब्ल्यू उणे १५ ला. पण इंजिनच्या दृष्टीने आपली सकाळची २५ डिग्री सुद्धा थंडच आहे, कारण ऑइल काम करतं ते १०० च्या आसपास. ४० डिग्रीला ०डब्ल्यू-२० जेवढं जाड असतं त्याच्या तिप्पट-चौपट जाड २०डब्ल्यू-५० असतं. म्हणजे सकाळी स्टार्ट मारल्यावर वरच्या कॅमपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. आणि आताच्या इंजिनात व्हीव्हीटी (व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारा भाग) ऑइलच्या प्रेशरवर फिरतो, बारीक जाळ्या आणि भोकं आहेत, तिथे ट्वेंटी फिफ्टी ओतलं तर चेक लाइट लागू शकतो.

पण काकांचं अर्धं खरं आहे ते पण लिहितो. जुन्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तापमानाचा तक्ता असायचा आणि त्यात चार-पाच ग्रेड चालायचे. तसली गाडी असेल, ऑइल खात असेल, तर तक्त्यातला एक पायरी जाड ग्रेड टाकण्यात चूक काहीच नाही. उलट २० ग्रेडसाठी डिझाइन केलेल्या इंजिनाला सरसकट ५० नको. मायलेजसाठी पातळ केलं हेही खरं आहे, पण त्यासाठी बेअरिंग, पंप सगळं त्या हिशोबाने बनवलेलं असतं.

तुर्भे_गॅरेज

डिझाइन वगैरे ठीक आहे हो. तीन लाख चाललेल्या टुरिस्ट गाड्या माझ्याकडे आहेत, सगळ्या जाड ऑइलवर. जळालेलं इंजिन शेवटी माझ्याकडेच येतं, डिझाइनवाल्याकडे नाही जात.

कळव्याची_ताई

माझी सीएनजी वॅगनआर आहे, दादा लोकांनी माझ्यासारख्यांचं पण बघा जरा. माझं ऑइल डिपस्टिकवर काळं पडतच नाही, सोनेरीच दिसतं, मग मेकॅनिक म्हणतो अजून चालवा मॅडम. चालवू का?

ल्यूबमधला_एक

नका चालवू ताई. सीएनजीत काजळी कमी म्हणून ऑइल स्वच्छ दिसतं, पण जळण जास्त गरम असतं, नायट्रेशन होतं आणि ऑइल आतून हळूहळू घट्ट होत जातं. रंग बघून ठरवू नका, तारीख आणि किलोमीटर बघा. ग्रेड तुमच्या मॅन्युअलमधलाच, सीएनजी स्पेशल म्हणून वेगळे पैसे द्यायची गरज नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण इथे 'सिंथेटिक' म्हणजे काहीतरी जादू असल्यासारखं सगळे बोलतायत. डब्यावर फुल सिंथेटिक लिहिलेलं बहुतेक ऑइल हे ग्रुप थ्री असतं, म्हणजे कच्च्या तेलातूनच काढलेलं, फक्त हायड्रोक्रॅकिंगने खूप शुद्ध केलेलं. खरं लॅबमध्ये जोडून बनवलेलं ते ग्रुप फोर, पीएओ, आणि एस्टर वगैरे ग्रुप फाइव्ह. अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली होती की ग्रुप थ्रीला सिंथेटिक म्हणू नका, १९९९ ला निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने गेला आणि तेव्हापासून सगळेच म्हणतात. त्यामुळे दोन हजारवाल्या आणि साडेतीन हजारवाल्या डब्यात कधी कधी जवळपास सारखंच बेस ऑइल असतं, फरक अ‍ॅडिटिव्ह पॅकेजचा (त्यात मिसळलेल्या रसायनांचा) आणि जाहिरातीचा. आणि 'इम्पोर्टेड' म्हणून जे मिरवतात त्यांनी डबा उलटा करून बघावा, शेलचा प्लांट इथे तळोज्यालाच आहे. आणि एचपीची माहुलची ल्यूब रिफायनरी देशातली सगळ्यात मोठी. तेव्हा देशी म्हणजे हलकं हा समज काढून टाका.

पण घोडबंदरकर, एक गोष्ट तुम्ही गाळलीत. 'एपीआय एसपी' लिहिलेलं असणं आणि एपीआयचं लायसन्स असणं यात फरक आहे. लायसन्स असेल तर मागे गोल डोनटसारखा शिक्का असतो. नुसतं 'स्पेक पूर्ण करते' असं लिहिलं असेल तर तो कंपनीचा स्वतःचा दावा. स्वस्तातल्या बऱ्याच डब्यांवर शिक्का नसतो. एपीआयच्या साइटवर लायसन्सची यादी आहे, तिथे ब्रँड टाकून बघता येतं.

खारघर_टर्बो

हेच म्हणत होतो मी!! स्वस्त का आहे ते कळलं आता.

घोडबंदरकर

शिक्का नाही म्हणजे ऑइल खराब असं होत नाही हो, लायसन्सला पैसे लागतात. सरकारी कंपनी स्वतःच्या नावाने लेखी दावा करतेय तो मला पुरतो. कोणीही न ऐकलेल्या ब्रँडचा तसाच दावा मला पुरणार नाही, एवढी माझी रेघ आहे.

सर्विस_अ‍ॅडव्हायझर

नाव सांगत नाही, कोपरखैरणेला एका शोरूममध्ये काम करतो. वॉरंटीतल्या गाडीत बाहेरून ऑइल टाकू नका एवढंच सांगेन. उद्या इंजिनचा क्लेम आला तर पहिला प्रश्न हाच येतो की सर्विस कुठे केली आणि ऑइलचं बिल कुठे आहे. तुमचे आठशे रुपये वाचतील आणि आम्ही काही करू शकणार नाही.

पाचपाखाडी_९

साहेब हे घाबरवणं बंद करा आता. २५ ऑगस्ट २०१४ ला कॉम्पिटिशन कमिशनने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड केला होता, सुटे भाग आणि बाहेरच्या गॅरेजांची अडवणूक केली म्हणून, आणि त्यात असंही सांगितलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालता येणार नाही. पुढे अपील, कोर्टकचेऱ्या झाल्या ते वेगळं. आणि तुमच्या शोरूममध्ये तरी काय टाकतात ते कोणाला दिसतं? आमच्याकडे बिलावर फुल सिंथेटिक, आणि ओततात ड्रममधून, पाइप लावून. कस्टमर बाहेर एसीत चहा पितोय. वर इंजिन फ्लश, इंजिन कोटिंग, नको नको म्हटलं तरी एस्टिमेटमध्ये येतंच.

सर्विस_अ‍ॅडव्हायझर

ड्रममधलं ऑइल कंपनीचंच असतं, मोठ्या पॅकमध्ये स्वस्त पडतं म्हणून. तुम्ही जॉब कार्ड करताना सांगा की सीलबंद डबा समोर उघडा, आमच्याकडे तरी कोणी नाही म्हणत नाही. ऑर्डर निघाली हे खरं, पण क्लेम अडकला की ऑर्डरची कॉपी घेऊन तुम्ही ग्राहक मंचात जाणार का वर्ष-दोन वर्षं? मी व्यवहाराचं बोलतोय. फ्लशबद्दल मात्र काही बोलत नाही, टार्गेट असतं आम्हाला.

नेरूळ_डिझेल

डिझेलवाल्यांनी ही चर्चा वाचून पंपावरून काहीही उचलू नये. बीएस सिक्स म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो आणि त्याला कमी राखेचं ऑइल लागतं, एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांचं स्पेक) सी२ किंवा सी३, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. सी३ मध्ये राख ०.८ टक्क्यांपर्यंत, जुन्या ए३/बी४ ऑइलमध्ये ती १.६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. काजळी रिजनरेशनमध्ये (फिल्टर तापवून साफ होतो तेव्हा) जळून जाते, राख जळत नाही, डीपीएफमध्ये साचत जाते. तो बदलायचा खर्च विचारून या एकदा शोरूममध्ये, मग स्वस्त-महागचं बोलू. फाइव्ह थर्टी, फाइव्ह थर्टी म्हणून सगळे फाइव्ह थर्टी सारखे नसतात.

कोपरी_बुलेट

कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये चालेल का?

तुर्भे_गॅरेज

क्लच स्लिप करायचा असेल तर टाक. बाइकला जासो एमए (बाइकच्या ऑइलचं जपानी स्पेक) लिहिलेलंच.

घोडबंदरकर

नेरूळवाल्यांचा मुद्दा शंभर टक्के, डिझेलला आधी एसीईए मग बाकी सगळं.

अजून एक, स्वस्ताच्या नादात रस्त्यावरच्या कुठल्यातरी स्पेअर पार्टच्या दुकानातून नामांकित ब्रँड 'अर्ध्या किमतीत' मिळतोय म्हणून घेऊ नका. डुप्लिकेट माल जास्त करून मोठ्या ब्रँडच्या रिकाम्या डब्यातच भरतात, कारण खपतो तोच. सील, झाकणाची रिंग, बॅच नंबर बघा, क्यूआर असेल तर स्कॅन करा. आणि स्वतःचा रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडताना भोक पाडून सोडा.

तुर्भे_गॅरेज

हे बरोबर बोललात. माझ्याकडे रिकामे डबे मागायला माणूस येतो, नवीन दिसणाऱ्या डब्याला जास्त भाव देतो, लेबल फाटलेलं चालत नाही त्याला. तुम्हीच समजून घ्या. मी देत नाही पण सगळेच काही तसे नाहीत.

कळव्याची_ताई

आणि काढलेलं जुनं ऑइल? आमच्या इथे एक जण सरळ गटारात ओततो, खाडी समोर आहे.

ल्यूबमधला_एक

ते बेकायदेशीर आहे. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतं, नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचं असतं, आणि एप्रिल २०२४ पासून ऑइल कंपन्यांवर पण ते परत गोळा करायची जबाबदारी टाकलीय. काकांसारख्या मोठ्या गॅरेजमध्ये ड्रम भरला की विकत घेणारे येतात, फक्त नोंदणीवाला आहे का ते विचारा.

तुर्भे_गॅरेज

माझ्याकडे पावती मिळते त्याची. आणि घोडबंदरकर, तुम्ही स्वतःचं ऑइल घेऊन या हवं तर, पंपावरचं असो की कुठलं, तुमच्यासमोर टाकतो, फिल्टर आणि ड्रेन प्लगचं वॉशर पण नवीन टाकतो, लेबर घेईन फक्त. पण माझ्या हाताने सेडानमध्ये ०डब्ल्यू-२० ओतायला लावणार असाल तर बिलावर 'ग्राहकाच्या सांगण्यावरून' असं लिहिणार.

घोडबंदरकर

लिहा काका, बिनधास्त लिहा, खाली सही करतो. रविवारी चालू असता का? ठाणे-बेलापूर रोडला ट्रॅफिक नसेल तेव्हाच येईन.

खारघर_टर्बो

मी अजून वरच्या रेंजवरच आहे, कोणाला बदलवायचं असेल तर माझ्या गाडीच्या मॅन्युअलचं पान घेऊन या, सर्वोचं नको.