मिडफर्ड ते बाथ, जुन्या रेल्वेच्या वाटेनं: दोन बोगदे, माझे गुडघे आणि घरचा विरोध

लेथवाले_काका

रामराम मंडळी. सगळी उमर उद्यमनगरात लेथवर उभं राहण्यात गेली. आता शेड थोरल्याच्या ताब्यात दिलीय आणि मी रिकामा. धाकटी लेक इंग्लंडात असते, बाथ शहराजवळ मिडफर्ड नावाचं खेडं आहे तिथं. मे आणि जून आम्ही दोघं तिच्याकडं चाललोय.

लेक-जावई सकाळी बाहेर पडणार ते संध्याकाळीच येणार. मला घरात बसवत नाही. इथं पहाटे रंकाळ्याला फेरी, मग चहा, मग पेपर, मग शेडवर जाऊन थोरल्याच्या कामात चुका काढायच्या, असा दिवस जातो. तिथं काय करू? लेक म्हणाली, बाबा, गावातूनच जुन्या रेल्वेची वाट थेट बाथला जाते. रूळ काढून डांबर टाकलंय, लोक चालतात, सायकली मारतात. चालत जा, बाजार बघा, बसनं परत या.

बेत एक नंबर होता. पण तिनं फोटो पाठवले आणि घरात वांदे झाले. वाटेत दोन बोगदे आहेत, त्यातला एक दीड किलोमीटरच्या वर! आमच्या हिनं फोटो बघितला आणि सांगून टाकलं, "त्या बिळात मी शिरणार नाही आणि तुम्हालाही शिरू देणार नाही."

तिकडं कोण राहत असेल किंवा जाऊन आलं असेल तर सांगा. आत दिवे असतात का? सायकलवाले अंगावर येतात का? चढ किती आहे? उजवा गुडघा कुरकुरतो, म्हणून विचारतो. आणि पायात काय घालू? माझी सवय कापशीच्या चपलेची. लेक म्हणते बूट घ्या, पण बुटात माझा पाय उकडतो. खरं खरं सांगा, घरात वाचून दाखवणार आहे.

ताराराणी_चौक

काका, नमस्कार. माझं माहेर राजारामपुरी, राहते बाथमध्येच. त्या वाटेनं माझं सारखं जाणं-येणं असतं. आधी काकूंसाठी लिहिते, तेवढंच वाचून दाखवा.

काकू, ते बीळ नाही. आगगाडी जायची त्यातून, त्यामुळं छत चांगलं उंच आहे. दिवसभर दिवे असतात, फक्त मध्यरात्रीच्या सुमारास बंद करतात, आणि त्या वेळी तुम्हाला तिथं काही काम नाही. मेमध्ये रात्री नऊपर्यंत बाहेरच उजेड असतो. सकाळी दहाच्या पुढं गेलात तर बोगद्यात आया बाबागाड्या ढकलत चाललेल्या दिसतील, कुत्री फिरवणारी म्हातारी माणसं दिसतील. एकटं वाटायची सोयच नाही.

आता काकांसाठी. मोठा बोगदा कूम डाउनचा, १६७२ मीटर. बिंदू चौकातून रंकाळा टॉवरपर्यंत चालत गेलात असं धरा. ब्रिटनमधला चालण्या-सायकलीसाठी खुला असलेला हा सगळ्यात लांब बोगदा. दुसरा डेव्हनशर, ४०९ मीटरचा, तो कधी संपतो कळत नाही. दोन्हींच्या मध्ये झाडीनं भरलेली छोटी दरी लागते. आतून बाहेर आल्यावर डोळे दिपतात, तिथं जरा थांबा.

आत काय असतं ते सांगते. दिवे मंद असतात, पायाखालचं सगळं दिसतं पण पेपर वाचता येणार नाही. कुठं कुठं वरून पाणी ठिबकतं. भिंतीत मधूनमधून माणूस उभा राहील एवढे कोनाडे आहेत. गाडी आली की गँगमन त्यात अंग चोरून उभे राहायचे. मोठ्या बोगद्याच्या मध्यावर भिंतीतून सारंगीसारख्या तारवाद्यांचे सूर ऐकू येतात आणि तुम्ही चालाल तसे दिवे बदलतात. ती मुद्दाम केलेली कलाकृती आहे. काकूंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथनंच माघारी पळतील.

आणि गारठा! बाहेर उन्हाळा असला तरी आत थंडगार. कानटोपी हवीच असं नाही, पण स्वेटर पिशवीत असू द्या.

सायकलवाले घंटी वाजवतात. आपण डाव्या अंगानं सरळ रेषेत चालायचं. घंटी ऐकून घाबरून मध्येच आडवं व्हायचं नाही. आपल्याकडची माणसं नेमकी तेच करतात आणि मग सायकलवाला भांबावतो. चौघं आडवी ओळ करून गप्पा मारत चालणंही नको.

अंतर म्हणाल तर मिडफर्डपासून शहराच्या कडेपर्यंत साधारण सहा-साडेसहा किलोमीटर, पुढं नदीकाठानं मध्यवस्तीत जायला आणखी दीडएक. रमतगमत अडीच तास. वाटेत संडास नाही, चहाची टपरी नाही. घरून उरकून निघा आणि पाण्याची बाटली घ्या.

चपलेचं म्हणाल तर डांबर आहे, चालेल. पण बोगद्यात ओल असते आणि कापशीचा तळ ओल्यावर सरकतो. बूट घ्या. पाय उकडायला तिथं कोल्हापूरचा मे नाही.

रुकडी_लोकल

काका, चढाचं मी सांगतो. रेल्वेची वाट म्हणजे सपाट असणार असं सगळे धरून चालतात. बहुतेक ठिकाणी ते खरं असतं, कारण इंजिनाला चढ सोसत नाही. पण तुम्ही नेमकी अपवादाची लाईन पकडलीय. ही सॉमरसेट अँड डॉर्सेट रेल्वे. बाथपर्यंतचा हा फाटा १८७४ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या खर्चानं कंपनी अशी घाईला आली की दुसऱ्याच वर्षी लाईन मिडलँड आणि लंडन अँड साउथ वेस्टर्न या दोन मोठ्या कंपन्यांना भाड्यानं द्यावी लागली. पैसे नव्हते म्हणून बोगदा एकेरी, अरुंद, आणि धूर बाहेर जायला वर एकही झरोका नाही.

त्याची किंमत मोजावी लागली २० नोव्हेंबर १९२९ ला. मिडफर्डहून मालगाडी बाथकडं निघाली. कूम डाउनच्या बोगद्यात मिडफर्डकडून चढ आहे, शंभराला एक. लोड जास्त, वेग माणसाच्या चालीचा, इंजिन उलटं लावलेलं. आत धूर आणि वाफ कोंडली, ड्रायव्हर आणि फायरमन दोघंही बेशुद्ध पडले. गाडी तशीच रखडत चढ संपवून पुढं गेली आणि पलीकडं पन्नासाला एकचा उतार लागला. मग काय, सुसाट. थेट बाथच्या मालधक्क्यात जाऊन उलटली. ड्रायव्हर गेला, धक्क्यातली दोन माणसं गेली.

हे काकूंना वाचून दाखवू नका. आता तिथं ना इंजिन आहे ना धूर.

मुद्दा असा की दिशा महत्त्वाची. मिडफर्डहून निघालात तर मोठ्या बोगद्यात शंभराला एकचा चढ, म्हणजे शंभर मीटर चाललात की एक मीटर वर. जाणवणारसुद्धा नाही. पुढं बाथपर्यंत उतार. उलट बाथहून निघालात तर सुरुवातीलाच पन्नासाला एक चढत राहायचं. लेकीनं बरोबर सांगितलंय, चालत जा आणि बसनं या.

लेथवाले_काका

दोघांचेही आभार. ताराराणीताईंचं वाचून दाखवलं, घरचं वातावरण जरा निवळलं. रुकडीकरांचं मनातल्या मनात वाचलं.

पन्नासाला एक म्हणजे मीटरला वीस मिलिमीटर. एवढा टेपर आम्ही नुसत्या नजरेनं ओळखतो. पण रुकडीकर, गुडघ्याचं गणित वेगळं असतं. मला चढ त्रास देत नाही, उतार देतो. जोतिबाला पायऱ्या चढून आरामात जातो आणि खाली येताना रेलिंग धरून एकेक पायरी उतरतो. मग मी उलटं, बाथकडून चालायला हवं का?

रुकडी_लोकल

नाही काका. पायरीला गुडघ्यावर धक्का बसतो, इथं पायरीच नाही. दोन टक्के उताराला गुडघ्याला फारसं कळतही नाही. तरी शंका असेल तर पहिल्या दिवशी मोठा बोगदा पार करून मधल्या दरीपर्यंत जा आणि माघारी या. तेवढ्यात गुडघा काय म्हणतो ते कळेल.

निघाल्यावर लगेच टकिंग मिलचा जुना पूल लागतो, तो घाईत ओलांडू नका. तिथंच खाली विल्यम स्मिथची जागा होती. इंग्लंडचा पहिला भूस्तर नकाशा काढणारा तो हाच, १८१५ चा.

पैलवान_गडी

काका, विमानाचं तिकीट काढून बंद रेल्वेवर चालायला चाललाय, नाद खुळा! आमच्या रुकडीला या की. स्टेशनापास्नं रुळाच्या कडंनं चालायला लागायचं, पंचगंगेचा पूल ओलांडायचा, वळिवडे, गूळ मार्केट, आलं कोल्हापूर. तिकीट नाही, व्हिसा नाही.

रुकडी_लोकल

पैलवान, चेष्टा म्हणून ठीक, पण कुणी खरं धरून जाईल. आपली कोल्हापूर-मिरज लाईन १८९१ पासून चालू आहे आणि आजही तिच्यावर गाड्या धावतात. चालू रुळावर किंवा रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि पुलावर समोरून गाडी आली तर उडी मारायला खाली पंचगंगा.

मिडफर्डची गोष्ट वेगळी. तिथं ७ मार्च १९६६ ला लाईन कायमची बंद झाली, मग रूळ उचलले. बोगदे बंद करून टाकले होते, डेव्हनशरचं बाथकडचं तोंड तर मातीखाली गाडलेलं होतं. आसपासच्या लोकांनी वर्षानुवर्षं मागं लागून ते उकरून घेतलं, तेव्हा कुठं एप्रिल २०१३ मध्ये वाट खुली झाली. आपल्याकडं असं काही करायचं तर आधी लाईन बंद पडावी लागेल, आणि तसं कुणाच्या मनातही येऊ नये. २०१९ च्या पुरात गाड्या बंद होत्या तेव्हा कसं वाटलं होतं ते आठवा.

ताराराणी_चौक

काका, काकू बोगद्याला अजिबातच तयार झाल्या नाहीत तर दुसरी वाट आहे. ब्रिस्टल ते बाथ, तीही जुन्या रेल्वेचीच, एकवीस किलोमीटर. अख्खी चालायची नाही. सॉल्टफर्ड गावातून बाथकडं निघायचं, त्या टप्प्यात बोगदा नाही, सगळं मोकळं आणि वाट नदी ओलांडत जाते. सॉल्टफर्डच्या अलीकडं, ब्रिस्टलच्या बाजूला, बिटन स्टेशनावर हौशी लोक वाफेचं इंजिन चालवतात. सुट्टीच्या दिवशी जावयाला गाडीनं सोडायला सांगा.

रुकडी_लोकल

आणि गंमत म्हणजे या दोन्ही लाईनी बाथमध्ये एकाच ठेसनात यायच्या, ग्रीन पार्कला. कुठूनही आलात तरी शेवट तिथंच करा. गाड्या गेल्या, पण ठेसनाचं काचेचं मोठं छप्पर अजून उभं आहे.

ताराराणी_चौक

हो, आणि त्या छपराखाली शनिवारी शेतकरी बाजार भरतो, १९९७ पासून. शेतकरी स्वतः माल घेऊन येतात, भाजी, चीज, पाव, मध. लक्ष्मीपुरीच्या मंडईसारखी घासाघीस मात्र चालत नाही, काकूंना आधी सांगा.

लेथवाले_काका

बाजाराचं वाचून दाखवलं आणि प्रकरण मिटलं. ही म्हणते, शनिवारी जाऊ, पण तिच्या तीन अटी आहेत. बोगद्यात मी पुढं चालायचं, हातात बॅटरी पाहिजे, आणि ते सूर सुरू झाले की मी "ऐक, ऐक" करत थांबायचं नाही. बूट घेतलेत, महाद्वार रोडवरनं. आता रोज संध्याकाळी घालून जिन्यावरून खालीवर करतोय, टाचेला अजून चावतात.

ताराराणीताई, शेवटचं एक. जड पिशवी घेऊन परत यायचं तर बस कुठं मिळते?

ताराराणी_चौक

बसस्थानक रेल्वे स्टेशनाला लागून आहे, ग्रीन पार्कहून चालत दहा-पंधरा मिनिटं. पण मिडफर्डकडं बस फार नसतात, म्हणून निघण्याआधी लेकीला फोनवर वेळ बघायला सांगा आणि खरेदी त्या हिशोबानं करा. बस चुकली तर पिशवी माझ्याकडं ठेवा, संध्याकाळी जावई घेऊन जाईल. तुम्ही दोघं चहाला थांबा. आणि काका, येताना घरची कांदा-लसूण चटणी अर्धा किलो. सामानात गळणार नाही अशी बांधा, मागच्या वेळी माझ्या आईचं सगळं पार्सल स्वेटरमध्ये मुरलं होतं.