मदत हवी आहे: एबीएलच्या नियमांनी सामना ठेवलाय, तीन गुणांची रेषा कोर्टात मावत नाही

स्नेहलतागंज | गुरुवार, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी इंदुरात आमच्या क्लबचा बास्केटबॉलचा प्रदर्शनी सामना आहे. बंद पडलेल्या लीगचे नियम प्रत्यक्ष खेळून बघायचे अशी कल्पना आहे, आणि एबीएल, म्हणजे अमेरिकन बास्केटबॉल लीग, ठरली आहे. शनिवारी कोर्ट आखायचंय. तीन गुणांची रेषा रिंगपासून २५ फुटांवर, म्हणजे ७.६२ मीटर. तेवढी दोरी धरून फिरवली तर दोन्ही बाजूंना रेषा कोर्टाच्या बाहेर जाते. काय चुकतंय? आणि एका दिवसापुरती रेषा कशाने मारू?
दाराशी एक फलकही लावायचाय. मजकूर असा आहे: "एबीएल. तीन गुणांचा शॉट जगाला देणारी लीग. विजेते कोलंबस क्वेस्ट. लाल-पांढरा-निळा चेंडू." ठीक आहे ना? इतिहास थोडक्यात सांगा, आकडे जास्त हवेत. वेळ फार कमी आहे.

जुनीस्कोअरशीट | रात्री १०:०५
आधी फलक थांबवा. तीन ओळींत तीन वेगवेगळ्या लीग आल्यात.
२५ फुटांची रेषा: अमेरिकन बास्केटबॉल लीग, १९६१. कोलंबस क्वेस्ट: त्याच नावाची महिलांची लीग, १९९६ ते १९९८. लाल-पांढरा-निळा चेंडू: अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एबीए, १९६७ ते १९७६. तुम्हाला यातली नेमकी कोणती हवी आहे? एबीएल हे नाव तर १९२५ सालच्या एका लीगचंही होतं.

स्नेहलतागंज | रात्री १०:११
रेषेवाली. १९६१ ची. चेंडू तिचा नव्हता?

मांडवीचा | रात्री १०:३०
चेंडू एबीएचाच. आणि खरं सांगायचं तर सामना एबीएच्या नियमांनीच ठेवा. रेषा तिचीही २५ फुटांचीच. लीग नऊ हंगाम चालली, १९७६ मध्ये डेन्व्हर, इंडियाना, न्यूयॉर्क आणि सॅन अँटोनियो हे चार संघ एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, गेले. लोकांना तिचा गाजलेला खेळाडू ज्यूलियस अर्व्हिंग माहीत असतो. १९६१ ची लीग दीड हंगामात संपली, तिच्यावर कोण थांबणार? साध्या चेंडूला तीन पट्टे रंगवले की झालं.

टेबलऑफिशियल | रात्री १०:४२
चेंडू रंगवू नका. पृष्ठभागावरचे बारीक दाणे रंगाने बुजतात आणि हाताला घाम आला की चेंडू निसटतो. पहिल्या पाच मिनिटांत रंगाचे पोपडे निघून हातालाही लागतील.
स्नेहलतागंज, काही गोष्टी तुम्ही सांगितल्याच नाहीत. कोर्ट कुठल्या मापाचं? सिमेंट, अॅक्रिलिक की लाकूड? खेळणार कोण, वय काय? शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायला मिळणारा वेळ मोजणारं घड्याळ, आहे का? या लीगचा तो ३० सेकंदांचा होता, २४ चा नव्हे.

स्नेहलतागंज | रात्री १०:५०
कोर्ट नेहमीचंच. अॅक्रिलिक, उघड्यावरचं. शॉट क्लॉक आहे.

ओळंबा | रात्री ११:१५
"नेहमीचंच" म्हणजे २८ बाय १५ मीटर असणार, आणि तुमची अडचण तिथेच आहे. अमेरिकन कोर्ट ९४ बाय ५० फूट असतं, म्हणजे रुंदी १५.२४ मीटर. रिंगच्या मध्यापासून बाजूची रेषा तिथे बरोबर २५ फुटांवर येते. आपल्याकडे ती ७.५० मीटरवर आहे, म्हणून ७.६२ चा चाप १२ सेंटीमीटर बाहेर जातो. तुमचं मोजमाप चुकलेलं नाही. त्या लीगमध्येही बाजूंना अंतर कमी केलेलं होतं, नाहीतर कोपऱ्यात उभं राहायलाच जागा उरत नाही.
आता करायचं असं. कोपऱ्यात २२ फूट, म्हणजे ६.७१ मीटर घ्या. आजच्या एनबीएचंही कोपऱ्यातलं अंतर तेच आहे. बाजूच्या रेषेपासून आत ७९ सेंटीमीटर सोडलेत की ते अंतर येतं. तिथे बाजूच्या रेषेला समांतर सरळ पट्टी बेसलाइनपासून (रिंगमागच्या शेवटच्या रेषेपासून) ५.१९ मीटर लांब मारा. तिथून पुढे ७.६२ चा चाप सुरू होतो. चापाचा माथा बेसलाइनपासून ९.२० मीटरवर यायला हवा. हे तीन आकडे जुळले तर आखणी बरोबर.
केंद्र जमिनीवर अंदाजाने धरू नका. रिंगवर काटकोनात दोन दोरे ताणून बांधा आणि ते जिथे एकमेकांना छेदतात तिथून ओळंबा सोडा. वारा असेल तर लोलक पाण्याच्या बादलीत बुडवा, हलायचा थांबतो. कागदावर हा बिंदू बेसलाइनपासून १.५७५ मीटरवर असतो. उघड्यावरच्या कोर्टात खांब वर्षानुवर्षं झुकतात, तेव्हा तो तिथेच सापडेल असं धरून चालू नका.
आणि दोरी सुती असेल तर आत्ताच बाजूला ठेवा. सुती दोरी ताणली की लांबते, ओढ कमीजास्त झाली की चाप अंड्यासारखा होतो. विजेची एकेरी वायर किंवा स्टीलची टेप वापरा.

लष्करवाली | रात्री ११:२०
रिंगची उंचीही तपासून घ्या. ३.०५ मीटर, जमिनीपासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंत. बऱ्याच ठिकाणी कोर्टावर नवा थर चढवला की ती दोन-तीन सेंटीमीटर कमी भरते.

स्नेहलतागंज | रात्री ११:२४
उंचीचं विचारलं नव्हतं, पण बघतो. ओळंबा, फार फार आभार. टेप कोणती आणि किती?

ओळंबा | रात्री ११:४८
एका बाजूचा चाप १६.४ मीटर, दोन सरळ पट्ट्या मिळून १०.४. म्हणजे २६.८. दोन्ही टोकांचे मिळून सुमारे ५४ मीटर. लेन, म्हणजे रिंगसमोरचा आखलेला पट्टा, रुंद करायची असेल तर आणखी साधारण २५ मीटर धरा. एकूण ७९. २० मीटरची चार रिळं घेतलीत तर एका चुकीला टेप संपेल, पाच घ्या. ४८ मिलिमीटर रुंदीची मास्किंग टेप नियमातल्या ५ सेंटीमीटर रेषेच्या जवळ जाते. पांढरी नको, जुन्या रेषेत मिसळते. पिवळी किंवा निळी घ्या.
टेप वाकवून चाप करायला जाऊ नका, आतली कड चुण्या पडून उचलते आणि बुटाला अडकते. ३० सेंटीमीटरचे तुकडे कापून वायरच्या टोकाशी एकेक सरळ लावा. तेवढ्या लांबीत चाप आणि सरळ तुकडा यांत फरक दीड मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसत नाही. अर्ध्या मीटरचे तुकडे लावाल तर फरक चार मिलिमीटर होतो आणि रेषा कोनाकोनांची दिसायला लागते.
सध्या पहाटे दंव असतं. ओल्या अॅक्रिलिकवर टेप धरत नाही. शनिवारी दुपारी ऊन असताना कोरड्या फडक्याने धूळ पुसून लावा, वरून बुटाने दाबत जा. सामना संपला की त्याच दिवशी काढा. दोन दिवस उन्हात राहिली तर गोंद पृष्ठभागावर भाजून बसतो, मग थिनर लावावा लागतो आणि थिनरने अॅक्रिलिक उतरतं.

मांडवीचा | शुक्रवार, सकाळी ७:५०
चुना वापरला तर हे सगळं वाचेल.

टेबलऑफिशियल | सकाळी ८:०५
मैदानी खेळात चालेल, इथे नाही. चेंडू आपटला की चुना उडतो, बुटाखाली घसरतं, आणि दहा मिनिटांत रेषेचा पत्ता नसतो.
लेनबद्दल ओळंबा यांनी ओझरतं लिहिलंय, पण या लीगची ओळख रेषेइतकीच तिथेही आहे. एनबीएची लेन तेव्हा १२ फूट होती. १९५१ पर्यंत तर ६ फूटच होती, जॉर्ज मायकनसारखा उंच खेळाडू रिंगखाली ठाण मांडायचा म्हणून दुप्पट केली. एबीएलने थेट १८ फूट ठेवली, म्हणजे ५.४९ मीटर. आपली लेन ४.९० मीटरची, तेव्हा दोन्ही बाजूंनी २९-२९ सेंटीमीटर वाढवा. फ्री थ्रोची रेषा हलवू नका, ती जवळपास तिथेच येते.
इथे गोंधळ होतो तो असा. खेळाडूंना जुन्या पट्टीला टाच लावून उभं राहायची सवय असते. नवी पट्टी एका बुटाच्या अंतरावर बाहेर, त्यामुळे टाच जुन्या जागी आणि अख्खा पाय लेनच्या आत. पहिल्या क्वार्टरमध्ये लेनमध्ये तीन सेकंदांहून जास्त थांबल्याच्या शिट्ट्याच शिट्ट्या होतील. वॉर्मअपच्या वेळी पंचांनी दोन्ही संघांना नव्या पट्टीवर उभं करून दाखवावं. फ्री थ्रोच्या वेळी बाजूला उभं राहायच्या खुणाही बाहेर सरकवा, त्या हमखास विसरल्या जातात.
शॉट क्लॉकचा पहिला रीसेट ३० वर ठेवा आणि दुसराही ३० वरच. दुसरा १४ वर राहिला तर आक्रमक रिबाउंडनंतर, म्हणजे शॉट हुकून चेंडू त्याच संघाला परत मिळाला की, ऑपरेटर सवयीने तोच दाबणार. १४ चा नियम फार अलीकडचा आहे.

स्नेहलतागंज | सकाळी ८:३०
आमच्या यंत्रावर २४ च्या वर जातच नाही. मुली १६ वर्षांखालच्या आहेत, त्यांना तेवढा वेळ पुरे ना?

टेबलऑफिशियल | सकाळी ८:४१
मुली, १६ वर्षांखालच्या, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. म्हणजे चेंडू ६ नंबरचा.
यंत्र ३० दाखवत नसेल तर ते बंदच ठेवा. टेबलावर एकाने स्टॉपवॉच धरायचं आणि दुसऱ्याने शेवटचे दहा सेकंद मोठ्याने मोजायचे. वेळ संपल्यावर शिट्टी नको, खेळाडू पंचाची समजून थांबतात. हाताची घंटा किंवा भोंगा ठेवा.

लष्करवाली | सकाळी ९:१०
मुली असतील तर ७.६२ वरून टाकायला लावू नका. नेहमीची ६.७५ ची रेषाच राहू द्या. जवळजवळ दोन हात जास्त अंतर झालं की शॉट खांद्यातून ढकलला जातो, कोपर बाहेर येतं. एका सामन्यासाठी फॉर्म का बिघडवायचा? त्यापेक्षा महिलांची एबीएल घ्या. तेरेसा एडवर्ड्स, डॉन स्टेली, जेनिफर अॅझी तिथेच खेळल्या. कोलंबस क्वेस्टने दोन्ही पूर्ण हंगाम जिंकले. तिसऱ्या हंगामाच्या मध्यावर, २२ डिसेंबर १९९८ ला, लीग बंद झाली. मुलींना ती जवळची वाटेल.

जुनीस्कोअरशीट | सकाळी ९:३५
ताई, फॉर्मचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण रेषा काढली तर सामन्यात १९६१ चं काय उरलं? मधला मार्ग सांगतो. रेषा राहू द्या, लांबून टाकायची सक्ती कोणावर नाही. रेषा लांब असली की बचाव करणाऱ्याला बाहेर यावं लागतं आणि रिंगकडे जायला वाट मोकळी होते. ही लीग काढणाऱ्या एब सॅपरस्टीनना तेच हवं होतं, सामना फक्त उंच खेळाडूंचा राहू नये. मुलींना ती वाट दाखवा.

मांडवीचा | सकाळी ९:५०
सॅपरस्टीनने शोध लावला असं फलकावर लिहू नका. १९४५ मध्ये कोलंबिया आणि फोर्डहॅम या कॉलेजांचा एक सामना २१ फुटांच्या रेषेने खेळला गेला होता.

जुनीस्कोअरशीट | सकाळी १०:२०
तो एक प्रयोग होता. अख्खी लीग त्या नियमाने चालवली ती एबीएलने, १९६१ मध्ये. एनबीएने रेषा घेतली १९७९-८० मध्ये, फिबाने (जागतिक बास्केटबॉल संघटनेने) १९८४ मध्ये. फलकावर "ही रेषा वापरणारी पहिली व्यावसायिक लीग" असं लिहा, त्यावर कोणी बोट ठेवू शकणार नाही.
बाकी मजकुरासाठी थोडा इतिहास लागणारच, स्नेहलतागंज, त्याशिवाय जर्सीवर नावं कोणती घालणार? सॅपरस्टीन हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनी सामने खेळणाऱ्या संघाचे मालक. पश्चिम किनाऱ्यावर एनबीएचा संघ मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती, पण १९६० मध्ये लेकर्स मिनियापोलिसहून लॉस एंजेलिसला गेले. मग त्यांनी आठ संघांची स्वतंत्र लीग काढली. त्यातला एक संघ हवाईत. म्हणजे त्या एका संघापायी बाकी सगळ्यांना समुद्र ओलांडून विमानाने जायचं, एवढा खर्च तिकीटविक्रीतून निघणं कठीणच होतं. लॉस एंजेलिस जेट्स पहिल्याच हंगामात मध्येच बंद पडले. वॉशिंग्टन टेपर्स त्याच हंगामात न्यूयॉर्कला गेले आणि दुसऱ्या हंगामात फिलाडेल्फियाला. टेपर्स हे नाव चिकटपट्टी बनवणाऱ्या मालकाच्या व्यवसायावरून पडलं.
१९६२ ची अंतिम मालिका क्लीव्हलँड पायपर्सने कॅन्सस सिटी स्टिअर्सविरुद्ध ३-२ अशी जिंकली. तुमचे दोन संघ हेच ठेवा. पायपर्सचे पहिले प्रशिक्षक जॉन मॅक्लेन्डन, कृष्णवर्णीय, आणि खुद्द बास्केटबॉलचे जनक नेस्मिथ यांच्या हाताखाली शिकलेले. एनबीएत कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक यायला १९६६ उजाडलं. संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांच्याशी खटके उडाले आणि मॅक्लेन्डन हंगामाच्या मध्यावर गेले, पुढे बिल शारमन यांनी जिंकवून दिलं. त्यानंतर पायपर्स एनबीएत जाणार होते, तेही फिसकटलं आणि विजेता संघच नाहीसा झाला. ३१ डिसेंबर १९६२ ला लीग बंद. तेव्हा २२-९ अशी सर्वोत्तम कामगिरी असलेल्या स्टिअर्सना विजेते ठरवलं गेलं.

मांडवीचा | सकाळी १०:४०
कॉनी हॉकिन्सचं नाव राहिलं. पिट्सबर्ग पायपर्सचा.

जुनीस्कोअरशीट | सकाळी १०:५२
हॉकिन्स या लीगमध्ये पिट्सबर्ग रेन्सकडून खेळले आणि पहिल्या हंगामाचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. पिट्सबर्ग पायपर्स हा त्यांचा एबीएतला संघ, १९६७ पासूनचा. शहर तेच, पण क्लीव्हलँडच्या पायपर्सशी त्याचा संबंध नाही. फलकावर हॉकिन्स घेणार असाल तर रेन्सच लिहा. निकाल ठरवण्याच्या घोटाळ्यात त्यांचं नाव नाहक गोवलं गेलं आणि एनबीएची दारं बंद झाली. ती उघडली १९६९ मध्ये. त्यांना तेव्हा खेळायला मैदान दिलं ते या लीगने. माझ्या मते फलकावर सगळ्यात आधी हेच यावं.

कोर्टसाइड | दुपारी १:१५
अमेरिकेतलंच का? आपल्याकडे २०१५ मध्ये यूबीए ही बास्केटबॉल लीग सुरू झाली होती, पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स, चेन्नई स्लॅम. तीही टिकली नाही. तिच्यावर फलक करा ना.

टेबलऑफिशियल | दुपारी १:२५
वेगळा धागा काढा, त्यावर लिहिण्यासारखं खूप आहे. इथे सामना परवावर आलाय.

स्नेहलतागंज | शनिवार, दुपारी ३:३५
एक टोक आखून झालं. पायपर्स आणि स्टिअर्स ठरले, फलकात रेन्स आणि हॉकिन्स आले, क्वेस्ट आणि चेंडू काढला. ओळंबा, दुसऱ्या टोकाला लोलक बेसलाइनपासून १.४९ मीटरवर थांबतोय. तीनदा सोडून पाहिला. आता ५.१९ कुठून मोजू?

ओळंबा | दुपारी ३:४४
खांब साडेआठ सेंटीमीटर मागे गेलाय. बेसलाइन विसरा, सगळं लोलकाच्या बिंदूपासून घ्या. बिंदूपासून कोर्टाच्या मध्याकडे ३.६२ मीटर पुढे या आणि तिथून दोन्ही बाजूंना काटकोनात ६.७१ मीटरवर खुणा करा. सरळ पट्ट्या तिथे संपतात. त्या बेसलाइनपासून ५.११ भरतील, भरू द्या. माथा ९.११ वर येईल. लेनची रुंदीही त्याच बिंदूपासून २.७४-२.७४ मोजा. फ्री थ्रोची रेषा मात्र त्या टोकाला साडेआठ सेंटीमीटर लांब पडतेय, ती बेसलाइनकडे तेवढीच सरकवून टेपने नवी मारा.
लेव्हल असेल तर बोर्डावर लावून बघा, खांबाबरोबर तोही मागे कलला असेल. कललेल्या बोर्डावरून चेंडू वर उसळतो. दोन्ही संघांना दोन-दोन क्वार्टर त्या टोकाला द्या.

स्नेहलतागंज | दुपारी ३:५२
कलला आहे, बुडबुडा एका बाजूला जातोय. टोकं दोन क्वार्टरनंतर बदलतो. टेपचं पाचवं रीळ लागणार, आणायला पाठवलंय.