आंबा विक्रीची वेबसाइट स्क्रीन रीडरवर नीट चालावी म्हणून आधी काय बदलावं?

हापूसपेटी:
देवगड हापूसची ऑर्डर घेणारी मराठी साइट आहे. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे अंध ग्राहक फोन करून सांगतात की भाव कळत नाहीत आणि डझन वाढवता येत नाहीत. दरपत्रक जेपीजी चित्रात आहे, काही पानांचा मजकूर जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला आहे आणि फॉर्मला वेडीवाकडी अक्षरं ओळखायचा कॅप्चा आहे. हंगामाला महिनाच उरलाय. कोपऱ्यात बसवायचं तयार विजेट (साइटवर चढवायचं छोटं टूल) पुरेल का?

टॅबकी:
विजेट घेऊ नका. ते अक्षरं मोठी करेल, रंग बदलेल. चित्रातला भाव काही वाचून देणार नाही. अंध ग्राहकाकडे स्वतःचा स्क्रीन रीडर असतोच, त्याला फक्त नीट एचटीएमएल (पानाचा मूळ कोड) लागतं.

सुरुवात दरपत्रकापासून करा. चित्राच्या जागी साधा तक्ता. रकान्यांची नावं आणि वजनाचे गट (२५० ते ३०० ग्रॅम वगैरे) टीएचमध्ये (तक्त्यातल्या शीर्षकाचा टॅग), स्कोपसकट (शीर्षक कुठल्या ओळीचं की स्तंभाचं ते सांगणारी खूण). मग भावाच्या चौकोनात आल्यावर तो कुठल्या वजनाचा हेही ऐकू येतं. नुसत्या शोभेच्या चित्राला आल्ट (चित्राचं लिखित वर्णन) रिकामा ठेवा, पण काढून टाकू नका. आल्ट नसेल तर बरेचदा फाइलचं नावच वाचलं जातं.

डझनाचे अधिक-उणे बहुतेक डिव्हला (नुसत्या चौकटीच्या टॅगला) ऑनक्लिक लावून, म्हणजे फक्त माउसच्या क्लिकवर चालणारे, केले असतील. टॅब त्यांच्यावर थांबत नाही, एंटर चालत नाही. खरं बटन वापरा आणि एरिया-लेबल (स्क्रीन रीडरसाठीचं नाव) द्या: 'एक डझन वाढवा'. एकूण रकमेला एरिया-लाइव्ह पोलाइट (बदल झाला की वाचून दाखवायची खूण) लावा, नाहीतर आकडा बदलला हे फक्त डोळस माणसालाच कळतं. पिनकोड चुकला की नुसती लाल चौकट पुरत नाही. 'पिनकोड ६ अंकी हवा' असं लिहा आणि एरिया-डिस्क्राइब्डबायने त्या रकान्याला जोडा. प्लेसहोल्डर (रकान्यातला फिकट मजकूर) म्हणजे लेबल नव्हे, टाइप करायला लागलं की तो जातो.

जोडाक्षर:
मराठी साइटवर हमखास राहून जाणारी गोष्ट: एचटीएमएल टॅगमध्ये लँग (पानाच्या भाषेची खूण) 'एमआर', म्हणजे मराठी, करा. टेम्प्लेटमधून 'ईएन' तसंच आलेलं असतं आणि मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली होतो.

जुन्या फॉन्टचा मजकूर मुळात रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतो. डोळ्यांना 'आंबा' दिसतो, कानावर निरर्थक अक्षरं पडतात. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, पण रफार आणि 'ऱ्या' हाताने तपासा. 'दुसऱ्या', 'पुऱ्या' अशा शब्दांत हमखास घोळ होतो.

मंद दृष्टीच्या वाचकांसाठी सीएसएसमधलं (पानाच्या दिसण्याचे नियम) लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं वाढीव अंतर) काढा, त्याने शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.५ ठेवा, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकत नाही.

मानक१७८०२:
रंगही बघा. साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण) लागतो. पांढऱ्यावर #९९९९९९ (हा रंगाचा कोड) राखाडी २.८ च्या आसपास येतो, #७६७६७६ जेमतेम पास होतो. आंब्याच्या साइटवर सगळ्यांना आवडणारा केशरी (#एफएफ९९३३) पांढऱ्यावर २.१ च भरतो. तो पट्टीला ठेवा आणि वर काळी अक्षरं घ्या.

कायद्याचं विचाराल तर दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ चं कलम ४६ (सेवा दिव्यांगांना वापरता येतील अशा ठेवण्याचं) खाजगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत दंड, पुढच्यांना ५० हजार ते ५ लाख.

हापूसपेटी:
मनापासून आभार. कॅप्चा काढला तर बनावट ऑर्डरी कशा रोखायच्या?

टॅबकी:
फॉर्ममध्ये एक लपवलेला रकाना ठेवा. माणसाला तो दिसत नाही, बनावट ऑर्डरी टाकणारा प्रोग्रॅम तो भरतो. तो भरून आला की ऑर्डर टाकून द्या. मात्र सीएसएसमध्ये डिस्प्ले नन करूनच (पूर्ण गायब) लपवा. पडद्याबाहेर सरकवून ठेवलात तर स्क्रीन रीडर तो वाचेल, अंध ग्राहक तो भरेल आणि नेमकी त्याचीच ऑर्डर रद्द होईल. त्याच्या जोडीला मोबाइलवर ओटीपी ठेवा, पण ३० सेकंदांत संपणारा नको.

शेवटी माउस काढून ठेवा, एनव्हीडीए (विंडोजवरचा स्क्रीन रीडर) मोफत उतरवून घ्या आणि फक्त टॅब, बाणांच्या कळा, स्पेस, एंटरवर एक पेटी मागवून बघा. फोकसची चौकट (टॅब कुठे थांबलाय ते दाखवणारी) दिसेनाशी झाली तर सीएसएसमध्ये ती चौकट लपवणारं 'आउटलाइन नन' शोधा.