मोबाइलवरचं पूल-स्नूकर: ठाणे-वाशी लोकलमध्ये काय जमतं, काय नाही?

ठाण्याहून वाशी म्हणजे जेमतेम अर्धा तास. तेवढ्यात डाव पुरा कसा करायचा? नेमकं लिहा, 'सरावाने येतं' नको. (खाली उत्तर देणाऱ्यांची ओळख त्यांच्या स्टेशनच्या नावाने.)

कोपरखैरणे: पूर्ण स्नूकरच्या नादी लागूच नका. 15 लाल आणि वर 6 रंगीत, गाडीत संपत नाही. गेममध्ये सहा लालचा प्रकार असेल तर तो लावा. त्यात सर्वात मोठा ब्रेक (एका पाळीत सलग मिळवलेले गुण) 147 ऐवजी 75 चा (6 × 8, म्हणजे दर वेळी लाल 1 आणि काळा 7, अधिक शेवटी सहा रंगीतचे 27). घाई असेल तर सरळ एट-बॉल (पूलचा प्रकार: आपले सात बॉल घालवायचे, मग काळा आठ).

ऐरोली: कॅरमचा हात बसलेले इथे हमखास फसतात. स्ट्रायकर चपटा, तो घसरतो. पांढरा बॉल लोळतो. धडकेच्या क्षणी तो नुसता घसरत असेल, तरच समोरच्या बॉलच्या वाटेशी 90 अंशांत सुटतो. लोळत गेला तर पुढे वाकतो. अर्ध्या बॉलवर धडक बसली (पांढऱ्याचा मध्य समोरच्या बॉलच्या कडेच्या रोखाने) की मूळ दिशेपासून साधारण 30 अंश. बऱ्याच गेममध्ये पांढऱ्यासाठी दिसणारी छोटी रेषा 90 अंशांवालीच असते, म्हणून लांबच्या शॉटला ती चकवते. मधोमध मारलेला बॉलही कापडाच्या घर्षणाने वाटेतच लोळू लागतो. उपाय: स्पिनचा ठिपका (पांढऱ्यावर कुठे मारायचं ते दाखवणारा) मध्याच्या थोडा खाली. उलटी फिरकी जाता जाता विरते आणि बॉल धडकेला घसरतच पोचतो. ठिपका किती खाली, ते अंतर आणि ताकद बघून. जवळून मारताना तेवढाच खाली ठेवलात तर पांढरा मागे येईल, तेही ध्यानात ठेवा.

तुर्भे: नेम बिघडतो तो बोट उचलताना. बोट पांढऱ्या बॉलपासून जितकं लांब, तितका त्याच हालचालीला कोन कमी बदलतो. म्हणून स्क्रीनच्या कडेला बोट ठेवून फिरवा. डबा हलत असेल तर ताकद ओढायच्या आधी रेषा पुन्हा बघा.

घणसोली: चालत्या गाडीत ऑनलाइन डाव नकोच. नेट गेलं तरी घड्याळ चालू राहतं आणि पाळी जाते. फलाटावर ऑनलाइन, डब्यात ऑफलाइन सराव.

कोपरखैरणे (पुन्हा): एट-बॉलमध्ये सोपे बॉल आधी उडवायचा मोह आवरा. आपला कुशनला (टेबलाच्या कडेला) चिकटलेला बॉल असेल तर तो मोकळा करायला त्या सोप्यांपैकीच एक लागतो: सोपा घालवताना पांढरा पुढे जाऊन चिकटलेल्याला धडकवायचा. सहा घालवून तो एकटाच उरला, तर समोरच्याचे सात टेबलावर असतात, सगळ्या वाटा अडवून.