ओईसीडीचे सदस्यत्व उदयोन्मुख देशांना कशासाठी हवे असते?

प्रश्न :
ब्राझीलने २०१७ मध्ये आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेकडे, म्हणजे ओईसीडीकडे, अर्ज केला. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिक्सचा पूर्ण सदस्य झालेला इंडोनेशियाही २०२४ पासून तिच्या दारात उभा आहे. मुख्यतः श्रीमंत देशांची आणि आर्थिक धोरणांचे मापदंड ठरवणारी ही पॅरिसमधली संघटना जागतिक बँकेसारखे कर्ज देत नाही, उलट वर्गणीच घेते. मग एवढा खटाटोप कशासाठी?

प्रतिसाद १ :
कर्ज मिळत नाही, पत मिळते. मात्र ती मिळवताना घरातले हितसंबंध दुखावावे लागतात. कोलंबियाची बोलणी २०१३ मध्ये सुरू झाली आणि संघटनेच्या २३ समित्यांच्या तपासणीतून पार पडून तो देश एप्रिल २०२० मध्ये ३७वा सदस्य झाला. तिथे जुना मालट्रक भंगारात काढल्याशिवाय नवा नोंदवता येत नसे. गाड्या वाढल्या की भाडे पडते, म्हणून ट्रकमालकांना हा नियम प्रिय होता. पण आयात ट्रकांना त्याने अडसर होतो, असा अमेरिकेचा आक्षेप होता आणि तो या बोलण्यांत आडवा आला. असे नियम मोडायला सरकारला बाहेरचे निमित्त सोयीचे पडते, हाच माझ्या मते खरा लाभ आहे.

प्रतिसाद २ :
निमित्त म्हणा, पण त्याची किंमतही सांगा. २०१९ मध्ये अमेरिकेचा पाठिंबा मिळवण्यासाठी ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेच्या पुढील वाटाघाटींत विकसनशील देश म्हणून मिळणारी विशेष वागणूक मागणार नाही, असे कबूल केले. शिवाय प्रवेशाला सर्व ३८ सदस्यांची संमती लागते. इस्रायल २०१० पासून सदस्य आहे आणि इंडोनेशियाचे त्याच्याशी राजनैतिक संबंधच नाहीत. जकार्ताची वाट इथेच अरुंद होते.

प्रतिसाद ३ :
मेक्सिको १९९४ मध्ये सदस्य झाला तेव्हा विकसनशील देशांच्या ७७च्या गटातून बाहेर पडला. चिली मात्र २०१० मध्ये आत जाऊनही त्या गटात राहिला. तेव्हा किंमत प्रत्येकाला सारखीच पडते असे नाही. भारत २००७ पासून प्रमुख भागीदारांत आहे, अर्जदार नाही. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी याच संघटनेची पिसा ही आंतरराष्ट्रीय चाचणी असते; तिच्या २००९च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेशातले विद्यार्थी बसले, तेव्हा वाचन आणि गणितात दोन्ही राज्यांच्या खाली फक्त किर्गिझस्तान होता. प्रश्न आपल्या मुलांच्या परिसराशी जुळणारे नाहीत, अशी तक्रार करून आपण २०१२च्या फेरीला गेलोच नाही. एका चाचणीने इतके अवघडलो, तर वीसेक समित्यांपुढे दप्तर उघडायला दिल्ली एवढ्यात तयार होईल असे मला वाटत नाही.