मदत हवी आहे: टॅक्रोलिमस टी पेशींना थोपवतं, मग त्यांचं 'शिकणं'ही थांबतं का?

मंडळी, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दादाचं मूत्रपिंड बदलल्यापासून तो रोज ठरल्या वेळी टॅक्रोलिमस (शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणूनचं औषध) घेतो. (औषधाबद्दल सल्ला नकोय, ते डॉक्टर बघतात.) इम्युनॉलॉजी शिकताना मी नेमकी त्याच गोळीपाशी अडकले आहे.

मला समजलंय ते असं. टी पेशीच्या (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशीच्या) रिसेप्टरला प्रतिजन (ज्यावरून ती परकं ओळखते तो रेणू) भेटलं की आत एलसीके, झॅप-७०, मग पीएलसी-गॅमा अशी एन्झाइमांची साखळी चालते आणि तिथून फाटे फुटतात. एका फाट्याने कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम जागं होतं, ते एनफॅट या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनावरचे फॉस्फेट काढतं आणि एनफॅट केंद्रकात शिरतो. दुसऱ्या फाट्याने, रास आणि मॅप काइनेज या प्रथिनांमार्गे, एपी-१ हा तसाच दुसरा घटक तयार होतो; त्याला सीडी२८ या पेशीवरच्या दुसऱ्या रिसेप्टरचा संकेत बळ देतो. आयएल-२च्या (टी पेशींना वाढायला लावणाऱ्या संदेश-प्रथिनाच्या) जनुकापाशी हे दोघं एकमेकांना धरून डीएनएवर बसतात. टॅक्रोलिमस कॅल्सिन्युरिन अडवतं, म्हणजे जोडीतला एक येतच नाही. इथपर्यंत ठीक.

पण नुसतं आयनोमायसिन (पेशीतलं कॅल्शियम वाढवणारं रसायन) दिलं तर फक्त कॅल्शियमचा फाटा चालतो. एनफॅट एकटाच केंद्रकात जातो आणि पेशी चेतण्याऐवजी बधिर होते. नंतर रिसेप्टर आणि सीडी२८ असे दोन्ही संकेत मिळाले तरी ती आयएल-२ फारसं बनवत नाही. म्हणजे 'याला सोडून दे' हे शिकायलाही कॅल्सिन्युरिन लागतं! मग दादाच्या टी पेशी त्या मूत्रपिंडाला कधी आपलं मानायला शिकणारच नाहीत का? दोन दिवस हेच डोक्यात आहे. कुणी समजावेल का?

प्रतिसाद १:
तुमचा तर्क बरोबर आहे. सायक्लोस्पोरिन हे औषधही कॅल्सिन्युरिनच अडवतं, आणि ते घातलेल्या प्रयोगशाळेतल्या संवर्धनात टी पेशींना ही बधिरता येत नाही. पण शरीरात सहनशीलतेची तेवढी एकच वाट नाही. फॉक्सपी३ हे प्रथिन असलेल्या नियामक टी पेशी इतरांना आवरतात. मात्र त्या स्वतः आयएल-२ बनवत नाहीत, शेजारच्या पेशींचं वापरतात, त्यामुळे टॅक्रोलिमसची झळ त्यांनाही लागते. आता रॅपामायसिन या औषधाबद्दल वाचा. तेही टॅक्रोलिमससारखं एफकेबीपी१२ या प्रथिनालाच चिकटतं, पण अडवतं एमटॉर या पेशीची वाढ चालवणाऱ्या एन्झाइमला. कॅल्शियमचा फाटा, म्हणजे तुम्ही म्हणता ती 'शिकण्याची' वाट, मोकळा राहतो. बेलाटासेप्ट हे औषध तर सीडी२८चा संकेतच पोचू देत नाही. अमेरिकेत २०११मध्ये ते मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मंजूर झालं. टॅक्रोलिमस, रॅपामायसिन, बेलाटासेप्ट ही तिन्ही औषधं एकाच आकृतीत काढून बघा, कोणता फाटा कुठे तुटतो ते दिसेल. दादाच्या बाबतीत नकार रोखणं आधी, म्हणून ती गोळी लागतेच.