दक्षिणेच्या कुंपणभिंतीलगत फुलझाडांचा वाफा: पावसाआधी काय करावं?

गोकर्ण_कांदिवली:
तळमजल्यावर घर आहे. मागे सोसायटीच्या दक्षिणेकडच्या कुंपणभिंतीला लागून, आतल्या बाजूने, १२ फूट लांब आणि ३ फूट रुंद पट्टी मोकळी आहे. भिंत ५ फुटांची. सोसायटीची परवानगी मिळाली आहे. आता एप्रिलअखेर तिथे भरपूर ऊन असतं. पावसाळ्यात मात्र पाणी साचतं, आणि खणलं की विटांचे, सिमेंटचे तुकडे निघतात. दसऱ्याला झेंडू आणि थंडीत पेटुनिया, अ‍ॅस्टर हवेत. माती किती लागेल, सुरुवात कुठून करू?

सावलीमाप:
आधी उन्हाचं बघा, कारण एप्रिल-मेचं ऊन पाहून आखलेला वाफा थंडीत फसतो. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, म्हणून तुमच्या भिंतीच्या आतल्या बाजूलाही ऊन मिळतं. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारी दक्षिणेला जेमतेम ४७ अंशांवर असतो. ५ फुटी भिंतीची सावली तेव्हा साधारण साडेचार फूट पडते, म्हणजे तुमची ३ फुटांची पट्टी पूर्ण झाकली जाते. वाफा फूटभर उंच केलात तरी साडेतीन फुटांच्या वर सावली राहतेच. पेटुनिया, अ‍ॅस्टर तिथे नुसते लांबट वाढतील, फुलं जेमतेम येतील. ते कुंड्यांत लावून मोकळ्या उन्हात ठेवा.

ऑक्टोबरात मात्र अडचण नाही. फूटभर उंच वाफ्यावर दुपारची सावली साधारण दोन फुटांची असते आणि दीड-दोन फूट वाढलेल्या झेंडूचे शेंडे तिच्यावर येतात. झेंडू पुढच्या कडेला लावा. भिंतीकडे अबोली आणि सोनटक्का. दोघांनाही अर्धी सावली चालते. सदाफुली टाळा, पावसात तिची मुळं कुजतात.

गादीवाफा:
माती भरण्याआधी निचरा तपासा. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. इंचभर उतरली तर ठीक. अर्ध्या इंचाहून कमी असेल तर गादीवाफा किमान फूटभर उंच हवाच.

डेब्रिज फूटभर खोलीपर्यंत काढा. नुसते मोठे तुकडे वेचून भागत नाही. चुना-सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते, झाडाला लोह मिळत नाही, आणि कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अनंत आणि एक्झोरावर हे सगळ्यात आधी दिसतं. अशा मातीत हिराकस (फेरस सल्फेट) घातला तरी लोह अडकून बसतं, म्हणून मूळ कारणच काढलेलं बरं. काढलेला खड्डा जाड रेती मिसळलेल्या लाल मातीने भरून घ्या.

वाफा भिंतीला चिकटवू नका, ओल भिंतीत शिरते. ६ इंच फट सोडली की १२ × अडीच × १ फूट, म्हणजे ३० घनफूट मिश्रण लागेल. त्यात निम्मी लाल माती, पाव भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, उरलेल्या पाव भागात भाताचं तूस आणि पालापाचोळ्याचं खत. कोकोपीट कुंडीत उत्तम, पण मुंबईच्या जुलैत ते पाणी धरून बसतं, इथे नको. समुद्राकाठची वाळू क्षारांमुळे अजिबात नको. निंबोळी पेंड पाऊण किलो मिसळा आणि पंधरा दिवस ओलावा देऊन थांबा. ताजं शेण घातलंत तर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. मिश्रण पहिल्या पावसात दोनेक इंच बसतं, तेवढं जास्तीचं बाजूला ठेवा.

आणि सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी जवळ असेल तर तिच्या झाकणापासून वाफा लांबच ठेवा.

गोकर्ण_कांदिवली:
धन्यवाद. मेमध्ये भरलेली माती जूनच्या पावसात वाहून जाणार नाही ना? आणि झेंडूचं बी कधी टाकू?

केशरी_तोरण:
उघडी ठेवली तर वाहीलच. कडेला विटांचा थर द्या, विटांमध्ये दर दोन फुटांवर पाणी जायला फट ठेवा, वर सुक्या पानांचा दोन इंच थर पसरा. जूनच्या सुरुवातीला पुढच्या भागात तेरडा पेरा. तो माती धरून ठेवतो आणि दसऱ्याच्या झेंडूला जागा वेळेत मोकळी करून देतो.

झेंडूचं बी दसऱ्याच्या ८० दिवस आधी टाका. ते दिवस भर पावसाचे असतात, म्हणून छपराखाली ट्रेमध्ये. वाफ्यात थेट टाकलेली रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. साधारण २५ दिवसांनी, पाच पानांवर, दीड फूट अंतराने लावा. लावल्यावर तीन आठवड्यांनी शेंडा खुडा. पहिली कळी थोडी लांबते, पण फांद्या वाढून फुलं बरीच जास्त मिळतात. खुडलेले शेंडे ओल्या रेतीत खोवले तर त्यांनाही मुळं फुटतात. बियाणं घेताना जात विचारा: ‘पुसा नारंगी’ला फुलायला १२० दिवसांहून जास्त लागतात, या हिशेबात ती दसऱ्याला सापडणार नाही. युरिया नको, नुसता पाला वाढतो.

कोवळी रोपं रात्रीत गायब झाली तर ते आफ्रिकन गोगलगायींचं काम. संध्याकाळी ओलं पोतं पसरून ठेवा, सकाळी त्याखालच्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि बादलीत मिठाच्या पाण्यात टाका. मीठ मातीत पडू देऊ नका. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या आवारातल्या कुत्र्या-मांजरांना घातक आहेत, त्या आणूच नका.